खर्जाचा दुसरा स्पीकर

रविवार, ८ मार्च १९६४. अकोला

आज नव्या घरात आलो. नव्या घरात नवी वही काढावी, म्हणून ही वही. अमरावतीहून सामान आणायला जो ट्रक मिळाला तो संत्र्यांचा होता. गाद्यांपासून ललिताच्या लुगड्यांपर्यंत सगळ्याला संत्र्याचा वास लागला आहे. ललिता म्हणते, असू द्या, महिनाभर तरी लोकांना वाटेल की आपण बागाईतदार आहोत.

अकोल्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मेकॅनिक म्हणून बदली होऊन मला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी अकरा घरं पाहिली. घर रिकामं असायचं, मालक हसतमुख असायचा, चहासुद्धा यायचा. मग गाव कोणतं, वाडा कोणता, अशी चौकशी व्हायची, आणि मालकाला एकदम आठवायचं की पुतण्या नागपूरहून राहायला येणार आहे. अकोल्यातल्या अकरा मालकांचे अकरा पुतणे नागपूरहून निघाले आहेत. एकही अजून पोचलेला दिसत नाही.

महादेवराव मात्र वेगळे निघाले. फोन बिघडल्याची तक्रार घेऊन ते स्वतः एक्सचेंजमध्ये आले होते. जुने जमीनदार, साठीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचं धोतर. त्यांनी माझं नाव विचारलं, वडलांचं विचारलं, गाव विचारलं. देवमन पुंजाजी, वलगाव, असं सांगून मी त्यांच्या पुतण्याची वाट पाहू लागलो. तर ते मला निरखून पाहत म्हणाले, 'मंग आमच्या घरी राहा ना. रिकामंच पडून हाय.' जातीबद्दल अक्षर नाही. मला इतका आनंद झाला की त्यांचा फोन मी रांग मोडून आधी दुरुस्त केला.

घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूला. दोन खोल्या, पुढे ओटा, खाली शहाबादी फरशी, भिंती जाड. महादेवराव पूर्वी इथेच राहायचे म्हणे. आता त्यांचा नवा बंगला रस्त्यापलीकडे आहे. ललिताला चौथा महिना सुरू आहे. तिला जिने चढावे लागणार नाहीत याचं मला फार समाधान वाटतं. बाबांना वलगावला पत्ता कळवला.

बुधवार, ११ मार्च

आज सेट लावला. माझ्या आयुष्यात मी स्वतः कमावलेली म्हणावी अशी ही एकच वस्तू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रेकॉर्ड फिरवायची तबकडी जुनी, पण धडधाकट. अ‍ॅम्प्लिफायर मी माझ्या हातांनी बांधलेला, चार व्हॉल्व्हचा. आणि स्पीकर बारा इंची. एका फिरत्या टॉकीजचा माल मोडीत निघाला तेव्हा घेतलेला. सागवानी पेटी अमरावतीच्या सुताराकडून करून घेतली होती. ती माझ्या कमरेला लागते. खर्ज ऐकावा तर बारा इंचीवरच. रेडिओवर ऐकणाऱ्यांना पखवाज म्हणजे नुसती टकटक वाटते, त्यांना बिचाऱ्यांना काय सांगणार.

पेटी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि पखवाजाची रेकॉर्ड लावली. पहिला 'धा' पडला आणि मी खुर्चीवरून उठलोच. अमरावतीत हा आवाज कधीच असा नव्हता. फरशीतून पायात चढला. फळीवरची भांडी किणकिणली. ललिता आतून ओरडली की वाजवता की घर पाडता.

रविवार, २२ मार्च

नत्थुजींना घरी आणलं. ताजनापेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. बोलणं कमी, कान तीक्ष्ण. डोळे मिटून त्यांनी दोन रेकॉर्डी ऐकल्या आणि माझ्या आनंदावर पाणी ओतलं. त्यांचं म्हणणं असं की खर्ज चांगला नाही, खर्जाला गळू झालं आहे. सगळे सूर नेमस्त येतात, पण एक अगदी खालचा सूर आला की खोली तो धरते आणि सोडत नाही. मी पुन्हा ऐकलं. खरं आहे. तो एक सूर रेकॉर्डमध्ये थांबतो, पण खोलीत थांबत नाही. जमिनीखाली 'धप्प' होतं आणि मग शांत.

उपाय दोन. पेटी उचलून दुसरीकडे ठेवायची. ती आम्ही दोघांनी मिळून चारी कोपऱ्यांत फिरवली, घामाघूम झालो, फरक शून्य. दुसरा उपाय म्हणजे समोरच्या अंगाला खर्जाचा आणखी एक स्पीकर. नत्थुजी म्हणाले, एक बैल जुंपला की गाडी एका अंगाला ओढली जाते, जोडी जुंपली की सरळ चालते. त्या टॉकीजच्या जोडीतला दुसरा बारा इंची त्यांच्याच दुकानात माळ्यावर पडून आहे. न्यायचा तर न्या, म्हणाले.

घ्यावा का? हौसेला मोल नसतं हे खरं, पण दोन खोल्यांच्या घरात दोन बारा इंची म्हणजे लोक हसतील. शिवाय दुसऱ्या पेटीला सागवान कुठून आणू? ललिता म्हणते, आधी पाळणा आणा.

रविवार, ५ एप्रिल

ललिताला तो सूर सोसत नाही. आधी मला वाटलं, नाक मुरडायचं म्हणून मुरडते. पण आज तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला आणि मला रेकॉर्ड लावायला सांगितलं. खालून 'धप्प' झालं की आत मूल हलतं. दर वेळी. मी म्हणालो, रसिक आहे, बापावर गेलंय. ती हसली नाही.

आणखी एक गोष्ट ती सांगते, आणि ती मला पटत नाही. मी सकाळपाळीला असतो तेव्हा, सेट बंद असताना, दुपारी तीनच्या सुमारास जमिनीखालून तोच आवाज येतो म्हणे. एकदाच. मी म्हणालो, उन्हानं फरशी फुगते.

बुधवार, १५ एप्रिल

काल जयंती. मिरवणूक संपल्यावर एक्सचेंजमधले आणि वस्तीतले पंधरावीस लोक घरी आले. या घरात, जुन्या शहरात, महादेवरावांच्या जागेत आमचे लोक सतरंजीवर बसून गाणी ऐकत होते. माझी छाती फुगली होती. तीन वाजता दोन गाण्यांच्या मध्ये, रेकॉर्ड बदलत असताना, तो आवाज आला. सुई वर होती. सगळ्यांना वाटलं, माझ्या यंत्राची काही करामत आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसलो. दुसरं काय करणार?

आज बाबांचं पत्र आलं. बाबांना लिहिता येत नाही, गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. दोनच ओळी. हे घर ताबडतोब सोडा. कारण भेटीत सांगेन.

कारण मला भेटीशिवाय कळतं. बाबा जन्मभर मालकांच्या ओट्याखाली पायतण हातात घेऊन उभे राहिले. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांची मान जराशी वर आली, पण पाठ काही सरळ झाली नाही. मुलगा एका जमीनदाराच्या घरात ताठ राहतो हे त्यांच्यानं बघवत नाही. आमच्या घरात धीट माणूस एकच होता, बाबांचे थोरले भाऊ बुधाजी. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो, म्हणजे म्हणायला शिकवलं होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते मुंबईला गिरणीत पळून गेले. आजी मरेपर्यंत त्यांच्या कार्डाची वाट पाहत होती. बाबा मात्र गावातच राहिले आणि रोज जेवून उठले की एक पाय जमिनीवर आपटायचे. आम्हाला वाटायचं, मुंग्या येतात.

मी उत्तर धाडलं की घर सोडणार नाही. सोडायचं तर भिणाऱ्यांनी सोडावं, असंही लिहिलं. गुरुजी ते बाबांना वाचून दाखवतील.

रविवार, १९ एप्रिल

ललिता माहेरी गेली. तिचं माहेर वलगावातच, आमच्या घरापासून चार घरं. जाताना तिनं भांडण केलं नाही, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, 'मले त्या आवाजाचं भेव वाटते. पेटी ठेवा नाईतर मले ठेवा.'

मोटार सुटल्यावर मी स्टँडवर अर्धा तास उभा होतो. सेट काढून टाकावा? अकरा दारांतून परत फिरलेला माणूस घरी येतो, दार लावतो आणि खर्ज ऐकतो, तेवढा वेळ त्याला कोणी काही विचारत नाही. हे मी ललिताला कसं सांगू? आणि सेट काढून तरी काय, तो आवाज सेट बंद असतानाही येतो. म्हणजे दोष पेटीचा नाही, खोलीचा आहे. आणि खोलीच्या दोषाला औषध एकच. दुसरा स्पीकर लावायचा, ते गळू फोडायचं आणि ललिताला घेऊन यायचं. ठरलं.

रविवार, २६ एप्रिल

स्पीकर आणला. पेटीचा प्रश्न होता, आणि तो आज असा सुटला की मला अजून खरं वाटत नाही. समोरच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ हलवताना एक फरशी खालून पोकळ वाजली. पहारीनं उचलली. खाली मातीनं लिंपलेली एक मोठी दगडी चिप, आणि तिच्या कडेला बोट जाईल एवढी फट. फटीतून जुन्या ज्वारीचा वास आला.

पेव. ज्वारी साठवायची जमिनीतली कोठी, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं आणि पोट खोलीएवढं. आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या आवारात असतं. म्हणजे माझा तो हट्टी सूर याच पोकळीत घुमत होता! मी एकटाच मोठ्यानं हसलो. भूत पकडलं होतं मी.

आणि लगेच डोक्यात आलं. स्पीकरला मागे बंद पोकळी लागते. पेटी म्हणजे दुसरं काय? विलायती मासिकात मी वाचलं आहे, लोक तळघराच्या तोंडावर स्पीकर बसवतात. चिप काढायची, तोंडावर जाड फळी, फळीत गोल भोक आणि त्यात बारा इंची, तोंड वर. सागवान नको की सुतार नको.

मंगळवार, २८ एप्रिल

सुतार आला. मी बोलावला नव्हता, महादेवरावांनी धाडला. परवा पेवाचं मी त्यांना सहज सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं होतं, फरशीला हात लावला म्हणून रागावतील. उलट फळी त्यांची, मिस्त्री त्यांचा. चिप काढताना ते स्वतः दारात उभे होते, आत मात्र आले नाहीत. चिप निघाली तेव्हा मिस्त्री नाक धरून बाहेर पळाला. महादेवराव म्हणाले, 'झाकून टाका लवकर, फळी बसवा.' अर्ध्या तासात फळी बसली.

रविवार, ३ मे

नत्थुजी आले. जोडून दिलं. खर्ज सरळ झाला, ते मान्य करावं लागेल. प्रत्येक सूर वेगळा, गोल, भरलेला. पण नत्थुजींच्या कपाळाला आठ्या. पेवावरचा स्पीकर मागे पडतो म्हणाले. तार उलटसुलट करून पाहिली. तसंच. कोपऱ्यातली पेटी 'धप्प' करते आणि एका श्वासाच्या अंतरानं पेव 'धप्प' करतं. एकाचे दोन.

तीन वाजता सेट बंद होता. खालचा आवाज आला. आज एकदा नाही. पुन्हा पुन्हा, घाईघाईनं, दहाबारा वेळा. नत्थुजींनी चहा अर्धा सोडला.

मंगळवार, ५ मे

तार काढली आहे. दोन्ही तारा, मी स्वतः. तरी पेवावरच्या स्पीकरचा पडदा हलतो.

वर येतो, खाली जातो. दुपारी, लख्ख उजेडात. मी त्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवून पाहिला, दाणा वरखाली होतो. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा. खालची हवा उन्हानं तापते, फुगते, असं मी स्वतःला समजावलं. पण हवा तापली तर ती एकदाच फुगेल. मिनिटाला सोळा वेळा काय करतं ते मला माहीत आहे. मी छातीवर हात ठेवून माझेही श्वास मोजले.

शुक्रवार, ८ मे

शेजारच्या गोदाबाईंकडे गेलो. सत्तरीची बाई, तरुणपणी याच आवारात ज्वारी निवडायला असायची. पेवाचं नाव काढताच त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग मला आत घेऊन दार लावलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

बंद पेवात विषारी वाफ धरते. तोंड उघडून एक दिवस ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळाला तर माणूस उतरायचा. विझला तर थांबायचं. पोरासोरांनाही माहीत असलेली गोष्ट. तीस वर्षांमागे उन्हाळ्यात अडत्याच्या गाड्या दारात आल्या आणि मालकाला थांबायला वेळ नव्हता. मालक म्हणजे महादेवरावांचे वडील. सकाळी तोंड उघडलं आणि दुपारी माणूस उतरवला. वलगावहून कामाला आलेले दोघे भाऊ होते. थोरला उतरला. धाकटा वर दोर धरून.

खाली बोललेलं वर कळत नाही, म्हणून खुणा असतात. खालच्यानं भिंतीवर ठोकलं म्हणजे माणूस पाठवा. वरच्यानं एकदा पाय आपटला म्हणजे ऐकलं, थांब. दोनदा आपटला म्हणजे दुसरा उतरतोय, तोंडाखालून बाजूला सर.

तीन वाजता खालून ठोकलं. पुन्हा ठोकलं. धाकट्यानं एकदा पाय आपटला. कंदील सोडला, तो विझला. खालून ठोकतच होता. धाकट्यानं दुसऱ्यांदा पाय उचलला, आणि तसाच उभा राहिला. मग खालचं ठोकणं थांबलं. मालकानं चिप ओढायला लावली. एक गडी नाहीसा झाला तर मुंबईला पळाला म्हणता येतं. गोदाबाई म्हणाल्या, 'थो बुधाजी अजून ठोकून राह्यला, भाऊ. त्याले एकच पाय आयकू आला ना. थो दुसऱ्याची वाट पाहून राह्यला.'

मी उठलो.

दारात त्यांनी आणखी एक सांगितलं. महादेवराव त्या वेळी तिशीचे होते, चिप ओढायला त्यांचाही हात होता. घर सोडून गेले तरी तीन वाजता त्यांना तिकडे बंगल्यातही ऐकू येतं. कोणा जाणत्यानं त्यांना सांगितलं आहे की दुसरा उतरेपर्यंत हे थांबणार नाही, आणि दुसरा त्याच रक्ताचा लागेल. दोन वर्षांपासून ते पुंजाजीच्या घरच्यांचा तपास काढत होते.

आणि मी त्यांचा फोन रांग मोडून दुरुस्त केला. जात विचारली नाही म्हणून मी या माणसाचे उपकार मानले. जात कशाला विचारेल? त्याला नाव हवं होतं.

आणि मीच दोनदा खूण दिली. तीन तारखेला. एकाचे दोन.

रविवार, १० मे

फळी काढायला गेलो. पडदा हलत होता. हात लावला. ऊबदार होता. परत ओट्यावर येऊन बसलो.

दोन्ही स्पीकर काढून चिप बसवून घर सोडावं, हे सरळ आहे. अमरावतीची गाडी साडेचारला असते. पण चिप पुन्हा बसवायची म्हणजे महादेवरावांच्या बापानं केलं तेच मी करायचं. आजी कार्डाची वाट पाहत मेली. तो माणूस माझ्या खुर्चीखाली होता आणि मी त्याच्या डोक्यावर पखवाज वाजवत होतो.

बाबांना तार केली. या.

गुरुवार, १४ मे

बाबा आले. ललिताला आणलं नाही, याबद्दल मी त्यांच्या पाया पडलो.

बाबांना मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, ओट्यावर बसून, भिंतीकडे पाहत. मी पत्रात भिणारे लिहिलं होतं, ते त्यांनी गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, खरं लिहिलं. 'तू तुह्या मायच्या पोटात होता तवा. पाच महिन्याचा. मी पाय उचलला अन् तुह्यी आठवण आली.' एवढंच.

तीस वर्षं मी या माणसावर रागावलो होतो. आणि त्यांचा पाय थांबला होता माझ्यामुळे.

रोज जेवून उठले की ते एक पाय आपटत होते. ऐकलं. थांब.

शुक्रवार, १५ मे

फळी काढली. स्पीकर फळीसकट फरशीवर बाजूला ठेवला, तारांशिवाय. पेवाचं तोंड उघडं. दारंखिडक्या उघड्या. बाबा म्हणतात दोन दिवस थांबायचं, मग हाडं वर काढायची आणि वलगावला नेऊन रीतसर मातीत द्यायची. मी म्हणालो मी उतरतो. बाबा म्हणाले, उतरायचं ते मलाच.

शनिवार, १६ मे

कंदील सोडला. चांगला जळतो. तासभर ठेवला. जळतोच.

तीन वाजता आवाज आला नाही. पहिल्यांदाच.

रविवार, १७ मे. दुपारी दोन

पुन्हा कंदील सोडला. जळतो. नत्थुजी आणि आणखी दोघं चारला येणार आहेत. बाबा थांबायला तयार नाहीत. तीनच्या आत, म्हणतात.

महादेवराव दारात उभे आहेत. कोणी बोलावलं नाही. बरोबर मिस्त्री. जा म्हणालो. म्हणाले, घर त्यांचं आहे. चिप भिंतीला टेकवलेली होती, ती मिस्त्रीनं जवळ सरकवली.

बाबांच्या कमरेला दोर मी बांधला. स्वतः, दुहेरी गाठ. बाबांनी सांगितलं, काही झालं तरी तू उतरायचं नाही. ठोकलं तर एक पाय आपट. दुसरा नाही. माझ्याकडून वचन घेतलं, ललिताच्या पोटातल्या मुलाची शपथ घालून.

तोंडाशी उभं राहून त्यांनी दोनदा पाय आपटला. मोठ्यानं. आणि उतरले.

अडीच

मन थाऱ्यावर राहावं म्हणून लिहितो आहे. दोर डाव्या मनगटाला गुंडाळला आहे. कंदील दिसतो. बाबांचं मुंडासं दिसतं. वाकले आहेत.

बोलताहेत. कोणाशी तरी हळू बोलताहेत, शब्द कळत नाहीत.

दोन चाळीस

कंदील विझला.

ओढला. जीव खाऊन ओढला. दोर हलका आला. फास रिकामा. तुटलेला नाही. गाठ सोडलेली. दुहेरी गाठ, बोटांनी सावकाश सोडलेली—

फास पुन्हा खाली सोडला, हाका मारल्या. हाका ऐकून गोदाबाई आल्या, माणसं आणायला धावल्या. महादेवराव म्हणतात, 'उतर ना. बाप हाय तुहा.'

दोन पन्नास

ठोकतात. खालून. दोन ठिकाणांहून. एक इकडच्या भिंतीवर, एक तिकडच्या.

उतरावं. बाबाच आहेत. बाबा असतील तर—

ललिता. पाचव्यातून सहाव्यात.

आता कळतं, उचललेला पाय किती जड असतो. बाबा, तुम्ही भित्रे नव्हता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. काल सांगायचं होतं—

एकदा आपटला. एकदाच. ऐकलं. थांबा.

महादेवराव चिपेला हात लावून उभे आहेत. उतरणार नाही. बसून राहीन. माणसं येईपर्यंत तोंड झाकू देणार नाही. मी

तीन

स्पीकर. तो दुसरा. फरशीवर उताणा, तार नाही, काही नाही. त्याचा पडदा वर आला आणि—

धप्प.

एका श्वासानं पुन्हा—

मी नाही आपटले. मी एकदाच आपटला होता, बाबा, ते मी नव्हे, मी एकदाच—

ठोकणं थांबलं. खाली पेवाच्या तळाचा कडबा सरसरतो आहे. कोणी बाजूला सरकतं तसा. दोघं. तोंडाखाली जागा करून देताहेत.

मनगटाला गुंडाळलेला दोर खाली ओढला जातो आहे. ललिता, मी एकदाच